मनगटावरची पाल

पाल तिच्या उजव्या हातावर होती. शेपटीचं टोक कोपराच्या खळग्यात, अंग जरासं वळवलेलं, चारही पंजे पसरलेले आणि डोकं बरोबर नाडी बघतात तिथे. गोंदणाऱ्याचा हात इतका सराईत होता की पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास दचकायचा, मग स्वतःवरच हसायचा आणि विचारायचा, "पालच का हो?" इस्पितळात तिचं खरं नाव कुणी घेत नसे. डॉक्टरांपासून लादी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांसाठी ती पालसिस्टर होती.

पालच का, याचं उत्तर लांबलचक होतं आणि ती ते माणूस बघून कमी-जास्त सांगायची. लहानपणी ती पालीला इतकी घाबरायची की न्हाणीघराच्या भिंतीवर एखादी दिसली तर अंगाला साबण तसाच ठेवून ओरडत बाहेर पळायची. पुढे नर्सिंग शिकताना, पहिल्याच वर्षी, एका माणसाची उघडी जखम बघून ती जागच्या जागी आडवी झाली. तेव्हा बरोबरची एक मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पालीला भिणारी ही, ही कसली नर्स होतेय!" ती झाली. आणि निकाल लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर हात गोंदवून घेतला. तिचे बाबा म्हणजे जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांनी तो हात लांब धरला, चष्म्यातून बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "त्याच्याकडचे मोर संपले होते का?"

भुवईतली बारीक रिंग नंतर आली. तिच्यामागे काही गोष्ट नव्हती. आवडली म्हणून घातली.

किरणोपचार विभाग इस्पितळाच्या तळमजल्यावर, एका लांब उताराच्या शेवटी होता. जाडजूड भिंती, खिडकी एकही नाही. मशीनच्या खोलीचं दार एवढं जड की ते आपोआप सरकायला लागलं की बाकावर बसलेले पेशंट बोलायचे थांबत. त्या उपचाराला पेशंट नुसतं 'शेक' म्हणत. शेक रोज नेमक्या त्याच जागी पडायला हवा, म्हणून सुरुवातीलाच पेशंटच्या अंगावर तिळाएवढी काळीनिळी टिंबं गोंदायची, ही तिथली पद्धत. सुई आणि शाई. जन्मात न पुसणारी. टिंबं गोंदायचं काम टेक्निशियनदादाचं. पेशंटला तयार करणं, शेकाने सोलवटलेल्या कातडीला मलम लावणं आणि सगळ्यात मोठं म्हणजे धीर देणं, हे पालसिस्टरचं. सुईला बिचकणाऱ्याला ती आपला हात दाखवायची. "तुमचं तर नुसतं टिंब आहे. माझी अख्खी पाल आहे." बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागायचं.

मग नव्या मेट्रन आल्या.

मेट्रनबाई वाईट होत्या असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी आल्या आल्या औषधांची कपाटं नीट लावून घेतली, ड्युटीवरून चालणारी जुनी भांडणं मिटवली, आणि एका उद्धट डॉक्टरला एका नर्सची माफी मागायला लावली. सगळ्या नर्स त्यांच्यावर खूश होत्या. मग त्यांची नजर कपाटांवरून माणसांवर आली. अंगावर दिसेल असं गोंदण झाकायचं आणि नाक-कानाखेरीज कुठेही टोचलेलं असलं तर काढायचं, असा हुकूम सुटला. पालसिस्टरला तर खास बोलावणं आलं.

मेट्रनबाईंनी टेबलावर एक बाही ठेवली. कातडीच्या रंगाची, मोज्यासारखी ताणणारी. "उद्यापासून ही घालायची. आणि भुवईतलं ते काढायचं."

"का, मॅडम?"

"का म्हणजे? पेशंटला आपल्याकडे बघून विश्वास वाटायला हवा."

"कुणाला वाटला नाही?"

"प्रश्न कुणा एकाचा नाही."

"तुमचे कान टोचलेले आहेत, मॅडम."

मेट्रनबाईंचा हात आपोआप कानातल्या मोत्याकडे गेला. "कानाची गोष्ट वेगळी."

"कानापासून भुवईपर्यंत चार बोटांचं अंतर आहे. त्यात विश्वास नेमका कुठे संपतो?"

दाराशी बसलेल्या क्लार्कला एकदम खोकल्याची उबळ आली. मेट्रनबाई हसल्या नाहीत. "तुझं काम चांगलं आहे म्हणून इतकं ऐकून घेतेय," त्या म्हणाल्या. "बाही उचल."

रिंग तिने काढली नाही, पण बाही उचलली आणि दुसऱ्या दिवशी घातलीसुद्धा. उगाच आडमुठेपणा करायचा म्हणून करणाऱ्यांतली ती नव्हती. पण विभागातल्या बेसिनवर एक जुना फलक होता: कोपरापासून खाली हात उघडे ठेवा. एका पेशंटला हात लावायचा, हात धुवायचे, मग दुसऱ्याला लावायचा. धुवायला बाही काढायची, धुतल्यावर ओल्या हातावर चढवायची. दुपार व्हायच्या आत बाहीच्या कडेला मलम लागलं, कुणाच्या तरी जखमेचं पाणी लागलं आणि त्याच कडेने पुढल्या पेशंटची सोललेली मान पुसली जाणार तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. तिने बाही काढली, घरी नेऊन स्वच्छ धुतली, वाळवली आणि घडी करून मेट्रनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हिने हात धुता येत नाहीत. मला जमणार नाही."

"मग पट्टी बांध."

"पट्टी बांधली की पेशंट विचारणार, सिस्टर, हाताला काय झालं? काय सांगू? पाल झाली?"

"हे बघ," मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या, "बाकी सगळ्यांनी ऐकलंय. तू काही आभाळातून पडलेली नाहीस."

बाकी सगळ्यांनी ऐकलं होतं, हे खरंच होतं. त्यातल्या काहीजणी तर तिच्यावरच चिडल्या होत्या. मानेवरचं फुलपाखरू कॉलरखाली लपवलेली वॉर्डातली एक सिस्टर तिला जेवणाच्या खोलीत तोंडावर म्हणाली, "तू सरळ हो म्हणाली असतीस तर एव्हाना सगळे विसरले असते. तुझ्यामुळे आमच्याही अंगावर डोळे फिरतायत." पालसिस्टरने डबा बंद केला. शत्रूचं बोलणं तिला कधी लागलं नव्हतं, हे लागलं.

त्याच सुमाराला मोठ्या बाई विभागात आल्या.

त्या एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. छातीचं ऑपरेशन होऊन पुरतं सावरल्याही नव्हत्या, पण बाकावर बसायच्या त्या अशा ताठ की शेजारचे पेशंटही पाठ सरळ करून बसत. पालसिस्टर त्यांचा रक्तदाब बघायला वाकली तशी त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली.

"हे काय आहे?"

"पाल आहे, बाई."

"ते दिसतंय. धुवून जात नाही?"

"नाही."

"कठीण आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि ते इतक्या खणखणीत आवाजात की बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. ती बातमी संध्याकाळपर्यंत मेट्रनबाईंच्या कानावर गेली असणार, कारण असल्या बातम्यांना इस्पितळात लिफ्टही लागत नाही.

पण खरी पंचाईत पुढे झाली. टिंबं गोंदायची वेळ आली तेव्हा टेक्निशियनदादाने सुई हातात घेतली आणि मोठ्या बाई टेबलावर उठून बसल्या. "हे मला नको."

दादाने समजावलं. दोन मिनिटांचं काम आहे, मुंगी चावल्यासारखं होतं, सगळेच करून घेतात. मग डॉक्टर आले. विभागाचे प्रमुख, भला माणूस, पण वाद दिसला की घड्याळ बघणारा. त्यांनीही समजावलं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, शाळेत उशिरा आलेल्या मुलीचं ऐकावं तसं. "मला कळलं. नको."

"सिस्टर, तू बघ जरा," डॉक्टर म्हणाले आणि सटकले. सगळ्यांना वाटलं, आता पालसिस्टर हात पुढे करणार आणि ते नेहमीचं वाक्य टाकणार. तिलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण टेबलावर बसलेल्या त्या बाईकडे, गळ्याशी घट्ट धरलेल्या चादरीकडे बघून ते वाक्य तिच्या ओठांवर आलंच नाही.

"नको तर नको," ती म्हणाली. "दुसरा मार्ग आहे. पेनाने खुणा करायच्या, वर पारदर्शक पट्टी चिकटवायची. आंघोळ जपून करावी लागेल. रोज आल्यावर मी खुणा बघेन, पुसट झाल्या तर गडद करेन. खूण हलली तर मोजमाप पहिल्यापासून करावं लागेल आणि त्यात तुमचा दिवस जाईल. चालेल?"

"चालेल."

"अगं, पण वेळ किती जाईल!" दादा कुरकुरला. "बाहेर रांग बघितलीस?"

"मी लवकर येईन. त्यांना सगळ्यांत आधी घेऊ."

दादा जातिवंत कुरकुऱ्या, पण हाताचा नेमका. त्याने पेन घेतलं. डॉक्टरांनी, खूण हलली तर पुन्हा मोजायचं या बोलीवर, मान डोलावली.

मग रोज सकाळी, उतारावरचे दिवे नुकते लागलेले असताना, त्या दोघी मशीनच्या खोलीत असायच्या. पालसिस्टर पट्टीची कड तपासायची, खुणा बघायची, दादाला हाक मारायची. एका सकाळी मोठ्या बाई आपणहून म्हणाल्या, "तू मला कारण विचारलं नाहीस."

"तुम्हाला सांगायचं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

"सांगते. ऑपरेशन केलं, ती गरज होती. मी हूं की चूं केलं नाही. हे टिंब ही तुमची सोय आहे. पेनाने भागतं, हे तूच दाखवलंस. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सोयीने केस बांधले, सोयीने रंग निवडले, सोयीने हसले. आता जेवढं अंग उरलंय तेवढ्यावर मला न विचारता कुणी काही उमटवायचं नाही." त्या थांबल्या. "पण तुझी ती पाल मला अजिबात आवडत नाही हं. अंगावर शहारा येतो."

"बघू नका मग."

"बघणारच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि खरोखरच छताकडे तोंड करून पडून राहिल्या. दोघींचं त्यानंतर छान जमलं.

रिंगचं मात्र वेगळंच झालं. एक म्हातारे गृहस्थ शेक संपल्यावर टेबलावरून उठताना भोवळ येऊन कलंडले. पालसिस्टरने त्यांना छातीशी धरलं. आधारासाठी हवेत चाचपडणारं त्यांचं बोट तिच्या भुवईतल्या रिंगमध्ये अडकलं आणि ओढलं गेलं. रक्ताची धार डोळ्यात उतरली. तिने त्यांना सोडलं नाही, पण एका डोळ्याला काही दिसेना, आणि दादा धावत येईपर्यंत दोघंही पडायच्या बेतात होते. म्हाताऱ्यांच्या बोटालाही कापलं. ते बिचारे स्वतःचं बोट सोडून तिचीच माफी मागत राहिले.

त्याच दिवशी तिने रिंग काढली आणि जखमेला टाका घातला गेल्यावर कायमची कपाटात ठेवून दिली.

मेट्रनबाईंना कळलं तेव्हा त्या उतार उतरून स्वतः खाली आल्या. भुवईवरची पट्टी बघून म्हणाल्या, "चला, उशिरा का होईना, अक्कल आली. आता हातालाही बांध."

"रिंग मी त्या आजोबांसाठी काढली, मॅडम. त्यांच्या बोटाला लागलं. ती चूक माझीच होती, मला आधीच कळायला हवं होतं." ती ड्रेसिंगची ट्रॉली पुसत होती, ती थांबली नाही. "पालीने आजवर कुणाला ओरबाडलेलं नाही."

मेट्रनबाईंचा चेहरा लाल झाला. त्या तडक बाहेर गेल्या, बाकावर बसलेल्या मोठ्या बाईंपुढे उभ्या राहिल्या आणि आवाज मऊ करून बोलायला लागल्या. मधे फक्त एक पडदा होता. पालसिस्टरला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बाई, तुम्हाला आमच्या सिस्टरच्या हातावरचं गोंदण खटकलं, असं माझ्या कानावर आलंय. तुमच्यासारख्या शिक्षणातल्या व्यक्तीने तक्रार दिली तर आम्हाला पाऊल उचलता येईल."

"खटकलं. अजूनही खटकतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

पडद्यामागे पालसिस्टर ट्रॉली पुसायची थांबली.

"मग तक्रार द्याल?"

"कशाची? मला तुमच्या भिंतींचा रंगही आवडत नाही. कानातले मोतीही जरा मोठेच वाटतात. तक्रार त्रासाची करतात, आवडीनिवडीची नाही. शाळेत मी हे दुसरीतल्या मुलींना सांगायची."

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मेट्रनबाईंच्या बुटांचा आवाज उतार चढून गेला. पालसिस्टरने पडदा सारला, पण मोठ्या बाईंनी हात वर करून तिला गप्प केलं. "आभार मानू नकोस. मी तुझी बाजू घेतलेली नाही. पट्टीची कड सुटलीय, ती बघ."

तक्रार नसली तरी हुकूम मोडला होता, आणि प्रकरण अधीक्षकांकडे गेलं. त्यांच्यापुढे जायच्या आदल्या संध्याकाळी ती बाबांना सगळं सांगत होती. बाबा भाजी निवडत बसले होते. म्हणाले, "बाही घालून टाकलीस तर काय बिघडेल, हे मला एकदा नीट सांग. मला कळू दे."

ती विचार करत राहिली. "बाबा, हात धुवायचं कारण खरं आहे, पण ते सोडा. उद्या धुता येणारी बाही निघाली तरी मला घालायची नाही. मी रोज लोकांना सांगते की अंगावर खूण आली म्हणून लाजायचं नाही. केस गेले, भाजलं, कापलं, लाजू नका. आणि तेच सांगताना मी माझा हात लपवू?"

बाबांनी शेंग मोडली. "मग हेच बोल तिथे. गाडी वळवायची तर पूर्ण वळवायची. अर्धवट वळवली की रस्ता अडतो."

अधीक्षकांच्या खोलीत मोठं टेबल होतं आणि त्यावर एक वाळकी कुंडी. मेट्रनबाई एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला, घड्याळ बघत. तिला बसायला सांगितलं नाही कुणी. तिने स्वतःच खुर्ची ओढली. हात टेबलावर ठेवला, पाल वर करून.

अधीक्षक जरासे मागे सरले. "हे... अगदी खरं वाटतं."

"हो, सर. माणूस हुशार होता."

"सिस्टर, एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं ताणायचं कशाला? तुझ्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नाही."

"मग मी इथे का आहे, सर?"

"शिस्त," मेट्रनबाई म्हणाल्या. "आज पाल आहे. उद्या कुणी कपाळावर कवटी काढून येईल, तेव्हा काय करायचं?"

"तेव्हा त्या कवटीवाल्या माणसाचं काम बघायचं. पेशंट घाबरला तर त्याचा विचार करायचा. मी घाबरवलेला एक पेशंट दाखवा, मी आत्ता बाही घालते." ती मेट्रनबाईंकडे वळली. "मॅडम, रिंगने इजा होते हे कळलं, तेव्हा मी त्याच दिवशी काढली. ती गरज होती. हे झाकणं ही तुमची सोय आहे, बघायला बरं वाटावं म्हणून. सोयीसाठी मी माझं अंग लपवणार नाही. आणि आपण कुणाला सांगतोय हे? खाली आपण स्वतः रोज माणसं गोंदतो. त्यांना सांगतो, काही नाही, खूण आहे, बरं व्हायची खूण. तेच इस्पितळ वर येऊन म्हणतं, गोंदलेल्या हातावर विश्वास ठेवता येत नाही."

मग एक नवल घडलं. डॉक्टरांनी घड्याळावरून नजर उचलली. "बाही हात धुण्याच्या नियमात बसत नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "संसर्ग झाला तर जबाबदारी माझ्या विभागावर येईल. मला बाही नको." तेवढं बोलून ते असे दमले जणू जिने चढून आले होते.

अधीक्षकांनी नियमातून अंग काढून घेतलं. कोपराखालचं गोंदण झाकायची सक्ती नाही, कारण हात उघडे लागतात. बाकीचं मेट्रनबाईंच्या मर्जीवर. पालसिस्टरला हे अर्धंच वाटलं. फुलपाखरू कॉलरखालीच राहिलं होतं. ती तडक वॉर्डात गेली आणि त्या सिस्टरला म्हणाली, "मानेचं अजून सुटलेलं नाही. तुला भांडायचं असेल तर मी येते बरोबर." त्या सिस्टरने कॉलर सारखी केली आणि ती पुढच्या पेशंटकडे वळली. नंतरही बरेच दिवस बोलली नाही.

मोठ्या बाईंचा शेक पुरा झाला. शेवटच्या दिवशी पालसिस्टरने पट्टी सोलली आणि खुणा ओल्या कापसाने पुसून काढल्या. मोठ्या बाईंनी आरशात बघितलं, ब्लाऊजची बटणं लावली आणि ताठ चालत उतार चढून गेल्या. मागे वळून बघितलं नाही. तसं त्या करणारही नव्हत्या.

पुढे विभागाच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या. ती जागा पालसिस्टरचीच, असं दादापासून लादी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे धरून चालले होते. जागा दुसऱ्या वॉर्डातल्या एका सिस्टरला मिळाली, जिने आयुष्यात मशीनची खोली बघितली नव्हती. दादा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. पालसिस्टर हात धुऊन वर गेली आणि मेट्रनबाईंच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, एक विचारते. जागा मला मिळाली नाही ती याच्यामुळे ना?" तिने हात पुढे केला.

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. सांगायला कारणं हवी तेवढी होती, आणि त्या ती शोधतही होत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी शोधणं सोडून दिलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"खरं सांगितलंत, बरं केलंत."

"तुला राग नाही आला?"

"आलाय. खूप आलाय." तिने हात मागे घेतला नाही. "नवीन सिस्टरला मी सगळं शिकवेन, त्यात कसूर करणार नाही. पेशंटचा काय दोष! पण पुढच्या वेळी जागा निघाली की मी पुन्हा मागणार. त्याच्या पुढच्या वेळीही. प्रत्येक वेळी तुम्हाला नाही म्हणावं लागेल, आणि माझ्या तोंडावर म्हणावं लागेल. मी बाही घालून येणार नाही."

खालून फोन आला होता, क्लार्क दारातून सांगत होता की नवा पेशंट आलाय, फार घाबरलाय, दादा सिस्टरला लवकर बोलावतोय.

"जा," मेट्रनबाई म्हणाल्या.

ती आधीच निघाली होती.